वैद्यकीय संशोधनाचा चित्र-सारांश कसा तयार करायचा? (गडचिरोलीच्या एका अभ्यासाचे उदाहरण)



पाचवीच्या गणितात आपण चित्रालेख शिकवतो. 'प्रमाण : १ चित्र = १० झाडे' असं कोपऱ्यात लिहायला लावतो. एखाद्या मुलाने प्रमाण लिहिलं नाही की अर्धा गुण कापतो. कारण प्रमाण नसेल तर पाच झाडं म्हणजे पाच की पन्नास, हे बघणाऱ्याला कळत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी स्वतः एक चित्र तयार करून पालकसभेत लावलं आणि नेमकी हीच चूक केली.

विषय होता नवजात बाळाची काळजी. आमच्या गावच्या आशाताई सभेला येणार होत्या. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, तुमचं अक्षर चांगलं आहे, एखादा तक्ता करा." डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत केलेल्या कामाबद्दल मी वाचलेलं होतं. मी कार्डशीट घेतलं, मधोमध एक हसरं बाळ काढलं आणि लाल रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'घरोघरी काळजी घेतल्याने बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी!'

तक्ता सगळ्यांना आवडला. सभा संपताना तिसरीतल्या एका मुलीच्या आई उठल्या आणि म्हणाल्या, "बाई, म्हंजे शंभरातली बासष्ट लेकरं वाचली ना? मग बाकीच्या अडतिसांचं काय झालं?"

मला उत्तर देता आलं नाही. "तसं नाही हो, टक्के म्हणजे..." असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. त्या गेल्यावर आशाताईंनी सांगितलं की त्यांचं पहिलं बाळ बाराव्या दिवशी गेलं होतं.

मग मी मूळ संशोधन निबंधाचा गोषवारा शोधून वाचला आणि तक्ता पुन्हा पहिल्यापासून केला. तो करताना जे शिकले ते आज तुमच्यासमोर मांडते. आरोग्याच्या विषयावर तक्ता किंवा भित्तिपत्रक करणाऱ्या शिक्षकांना याचा उपयोग होईल. आणि मोबाइलवर आलेलं आरोग्याचं चित्र पुढे पाठवण्याआधी काय बघायचं, हे पालकांना कळेल.

चित्र-सारांश म्हणजे काय?

संशोधन निबंध म्हणजे संशोधकांनी आपला अभ्यास कसा केला आणि त्यातून काय निघालं याचा सविस्तर लेखी अहवाल. वैद्यकीय निबंध साधारण पाच-दहा पानांचा असतो, भाषा इंग्रजी, त्यात तांत्रिक शब्द आणि आकड्यांचे तक्ते. सुरुवातीला अर्ध्या पानाचा गोषवारा असतो. हाच गोषवारा एका पानावर चित्रं, मोजके शब्द आणि मुख्य आकडे वापरून मांडला की तो चित्र-सारांश. इंग्रजीत याला 'व्हिज्युअल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट' म्हणतात.

आज ज्या स्वरूपात तो दिसतो ते स्वरूप रूढ केलं अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले शल्यचिकित्सक डॉ. अँड्र्यू इब्राहिम यांनी. २०१६ मध्ये 'अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी' या नियतकालिकासाठी त्यांनी ही पद्धत सुरू केली. तिचा उपयोग होतो का, हेही त्यांनी तपासून पाहिलं. ४४ निबंध घेतले. प्रत्येक निबंध ट्विटरवर एकदा नुसत्या शीर्षकाने आणि एकदा चित्र-सारांशासह टाकला. २०१७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. चित्र असताना पोस्ट सुमारे पावणेआठ पट जास्त वेळा लोकांसमोर आली, सुमारे सव्वाआठ ते साडेआठ पट जास्त वेळा पुढे पाठवली गेली, आणि मूळ निबंध उघडून पाहण्याचं प्रमाण जवळपास पावणेतीन पट झालं.

हे आकडे वाचून आधी आनंद होतो. पण शिक्षकाच्या नजरेने पुन्हा बघा. पुढे पाठवणं आठ पटींनी वाढलं, निबंध उघडणं मात्र तीन पटही वाढलं नाही. म्हणजे चित्र बघून तिथेच थांबणारे पुष्कळ असणार. ते डॉक्टर लोकांचं झालं. आपल्या पालकसभेत तर मूळ निबंध कोणीच उघडणार नाही. त्यांच्यासाठी आपलं चित्र हाच निबंध! म्हणून चित्रात काय घ्यायचं यापेक्षा काय वगळून चालणार नाही हा प्रश्न मोठा आहे.

आपलं उदाहरण : गडचिरोलीचा अभ्यास

हा निबंध डिसेंबर १९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या 'सर्च' संस्थेतले सहकारी हे त्याचे लेखक. गोषवाऱ्यातली माहिती थोडक्यात अशी :

गडचिरोली जिल्ह्यातली ३९ गावं कार्यक्रमासाठी घेतली आणि ४७ गावं तुलनेसाठी. १९९३ ते १९९५ ही दोन वर्षं दोन्हीकडे फक्त नोंदी ठेवल्या. १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत घरी जाऊन नवजात बाळाची काळजी सुरू केली. गावातल्याच कार्यकर्तींना प्रशिक्षण दिलं. त्या घरी जात. जन्मतः श्वास न घेणारं बाळ, अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ, थंड पडलेलं बाळ, अंगावर पिण्याची अडचण, हे सगळं त्या बघत. जंतुदोष, म्हणजे बाळाच्या अंगात पसरलेला जंतुसंसर्ग, त्या ओळखत आणि त्यावर उपचारही करत. दर पंधरा दिवसांनी त्यांच्या कामाची तपासणी होई. जन्म-मृत्यूच्या नोंदी मात्र वेगळे लोक ठेवत.

ही शेवटची गोष्ट लक्षात घ्या. पेपर शिकवणाऱ्यानेच तपासला तर शंका राहते. इथे काम करणारे वेगळे आणि मोजणारे वेगळे.

निष्कर्ष असे : कार्यक्रमाआधी दर १००० जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू ३९ गावांत ६२ आणि तुलनेच्या गावांत ५८ होते. कार्यक्रमाच्या तिसऱ्या वर्षी ९३ टक्के नवजात बाळांना घरी काळजी मिळाली, आणि ३९ गावांतला दर २५.५ वर आला. तुलनेच्या गावांच्या हिशोबाने निव्वळ घट ६२.२ टक्के.

आता हे चित्रात कसं आणायचं ते पायरीपायरीने बघू.

पायरी १ : शब्द नक्की करा

माझ्या पहिल्या तक्त्यात 'बालमृत्यू' असा शब्द होता. चूक! निबंधात तीन वेगळे शब्द आहेत. जन्मापासून २८ दिवसांच्या आत झालेला मृत्यू म्हणजे नवजात मृत्यू. एक वर्षाच्या आत झालेला तो अर्भक मृत्यू. आणि जन्माच्या सुमारास झालेले मृत्यू, ज्यात मृत जन्मलेली बाळंही धरतात. या तिन्हींची निव्वळ घट वेगवेगळी आहे : नवजात ६२.२ टक्के, अर्भक ४५.७ टक्के, जन्माच्या सुमारासचे ७१ टक्के.

मी 'बालमृत्यू' लिहून एकाचा आकडा दुसऱ्याला चिकटवला होता. तेव्हा सुरुवातीला एक कोरा कागद घ्या आणि निबंधातले मुख्य शब्द मराठीत, अर्थासकट लिहून काढा. एखादा शब्द अडला तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा सिस्टरना विचारा. मी विचारलं, त्यांनी दहा मिनिटांत समजावलं.

पायरी २ : पाच प्रश्नांची पाच वाक्यं

चित्र काढायची घाई करू नका. आधी पाच प्रश्नांची उत्तरं एकेका वाक्यात लिहा. माझी अशी झाली :

१. प्रश्न काय होता? – गावातल्या प्रशिक्षित बाईने घरी येऊन काळजी घेतली तर नवजात मृत्यू कमी होतात का?

२. कोण, कुठे, केव्हा? – गडचिरोली जिल्हा, ३९ गावं आणि तुलनेला ४७ गावं, १९९३ ते १९९८.

३. काय केलं? – घरभेटी, ऊब, स्तनपानाला मदत, श्वासाला मदत, जंतुदोषावर उपचार.

४. काय दिसलं? – नवजात मृत्यू दर हजारी ६२ वरून २५.५ झाले, तुलनेच्या गावांत कमी झाले नाहीत.

५. काय सांगता येत नाही? – (याबद्दल पुढे.)

ही पाच वाक्यं म्हणजेच चित्राच्या पाच चौकटी. इथे दोन-अडीच तास गेले तरी चालतील. चित्र काढायला नंतर तासभर पुरतो.

पायरी ३ : टक्के की हजारात किती?

आता त्या आईंच्या प्रश्नाकडे येते. "शंभरातली बासष्ट लेकरं वाचली ना?" असं त्यांना का वाटलं? कारण मी '६२ टक्के' लिहिलं आणि कशाचे ६२ टक्के ते लिहिलंच नाही. टक्के म्हटलं की माणूस शंभर बाळं डोळ्यांसमोर आणतो. प्रत्यक्षात ते ६२ टक्के सगळ्या बाळांचे नव्हते, तर होणाऱ्या मृत्यूंचे होते.

गंमत म्हणजे या निबंधात '६२' दोनदा येतो. एकदा हजारात ६२ मृत्यू म्हणून आणि एकदा ६२.२ टक्के घट म्हणून. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. दोन्ही एकाच चित्रात शेजारीशेजारी आले तर बघणारा गोंधळणारच.

उपाय सोपा आहे. टक्के बाजूला ठेवा, मोजता येतील अशी बाळं दाखवा. मी कार्डशीटवर २५ ओळी आणि प्रत्येक ओळीत ४० घरं आखली. झाली १००० घरं. एक घर म्हणजे एक बाळ. पहिल्या चौकोनात ६२ घरं रंगवली : 'आधी'. दुसऱ्या चौकोनात २६ घरं : 'तिसऱ्या वर्षी'. बाकी सगळी घरं पांढरी. पहिल्या चौकोनातही ९३८ घरं पांढरी आहेत, हे बघणाऱ्याला न सांगता दिसतं.

रंगवायला वर्गातली मुलं मदतीला होती. एकाने विचारलं, "बाई, पंचवीस पूर्णांक पाच म्हणजे अर्धं बाळ?" उत्तम प्रश्न! उत्तर असं की हा दर आहे. हजार जन्मांत २५.५ म्हणजे दोन हजार जन्मांत ५१. अर्धं बाळ कुठेच नसतं, हिशोब हजारावर आणताना अर्धा येतो. म्हणून मी घरं २६ रंगवली, पण खाली 'दर हजारी २५.५' असा खरा आकडा लिहिला.

पायरी ४ : आकडा स्वतः पडताळून बघा

निबंधातला आकडा तसाच उचलायचा नाही, तो कसा आला ते बघायचं. मी फळ्यावर हिशोब केला.

६२ मधून २५.५ गेले, उरले ३६.५. आता ३६.५ भागिले ६२ गुणिले १०० केले की येतात ५८.९ टक्के. निबंधात तर ६२.२ आहे! मला आधी वाटलं माझंच चुकलं.

उलगडा 'निव्वळ' या शब्दात आहे. समजा, पाचवी 'अ'ला मी शुद्धलेखनाचा रोज सराव दिला आणि त्यांच्या चुका २० वरून १० झाल्या, म्हणजे ५० टक्के कमी. 'ब' वर्गाला सराव दिला नाही, तिथे चुका २० वरून २१ झाल्या, म्हणजे ५ टक्के वाढ. सराव नसता तर 'अ'च्या चुकाही तेवढ्या वाढल्या असत्या असं धरलं, तर सरावाचा परिणाम ५० अधिक ५, म्हणजे ५५ टक्के. तसंच इथे आहे. तुलनेच्या गावांत दर कमी होण्याऐवजी तीन-साडेतीन टक्क्यांनी वाढला. ५८.९ मध्ये तेवढे मिळवले की ६२.२ येतात.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, तुलनेची ४७ गावं चित्रातून काढून टाकली तर ६२.२ हा आकडा कुठून आला ते कोणालाच समजणार नाही. दुसरी आणि जास्त महत्त्वाची : तुलनेची गावं नसती तर कोणीही म्हणालं असतं, "अहो, त्या काळात सगळीकडेच मृत्यू कमी होत असतील, पाऊसपाणी बरं झालं असेल, रस्ता आला असेल." शेजारच्या गावांत तसं झालं नाही, म्हणून हा फरक घरभेटींचा आहे असं म्हणायला आधार मिळतो. माझ्या पहिल्या तक्त्यात तुलनेची गावं नव्हतीच. निबंधाचा कणाच मी काढून टाकला होता.

असाच आणखी एक हिशोब. निबंधात म्हटलंय की काळजी घेतलेल्या दर १८ नवजातांमागे एक मृत्यू टळला. मी हजारात ३६.५ वरून मोजलं तर २७ बाळांमागे एक असं आलं. पुन्हा वाक्य नीट वाचलं. तिथे 'गर्भातील किंवा नवजात' मृत्यू असं आहे. मृत जन्मही धरले म्हणून आकडा १८. तेव्हा १८ बाळं काढून एक रंगवायचं असेल तर खाली हे शब्द आलेच पाहिजेत. नाहीतर तो आकडा वापरूच नये. मी वापरला नाही.

पायरी ५ : चित्र काढताना

*आकार जपा.* पुष्कळ जण मोठा आकडा दाखवायला मोठं चित्र काढतात. ६२ हे २५.५ च्या सुमारे २.४ पट आहे. म्हणून एक बाळ दुसऱ्याच्या २.४ पट उंच काढलं, तर ते रुंदीतही तेवढंच वाढतं आणि कागदावर जवळपास सहापट जागा घेतं. डोळा जागा बघतो, उंची नाही. त्यामुळे फरक आहे त्याहून फार मोठा वाटतो. चित्रं एकाच आकाराची ठेवा, संख्या बदला. नाहीतर सरळ स्तंभ काढा : १ मिलिमीटर म्हणजे १ मृत्यू. एक स्तंभ ६.२ सेंमी, दुसरा २.५५ सेंमी. पट्टी प्रत्येकाकडे असते, कोणीही मोजून बघू शकतं.

*स्तंभ शून्यापासून सुरू करा.* २० पासून सुरू केला तर २५.५ चा स्तंभ चिमुकला दिसेल. ती फसवणूकच.

*एकूण किती ते लिहा.* याच निबंधात जंतुदोषाचा आकडा आहे. उपचार सुरू होण्याआधी जंतुदोष झालेल्या १६३ बाळांपैकी १६.६ टक्के दगावली; कार्यकर्तींनी उपचार केल्यावर ७१ पैकी २.८ टक्के. हिशोब केला तर १६३ पैकी २७ आणि ७१ पैकी २. नुसतं '२७ विरुद्ध २' काढलं तर चूक, कारण बाळांची एकूण संख्याच वेगळी आहे. '१६३ पैकी' आणि '७१ पैकी' हे शब्द हवेतच.

*रंग कमी वापरा.* दोन रंग पुरे. लाल-हिरव्यातला फरक काहींना दिसत नाही. तक्ता झाला की त्याची काळी-पांढरी झेरॉक्स काढून बघा. तिच्यातही फरक कळला तर चित्र जमलं.

*चित्रात कोणाला दोष देऊ नका.* रडणारी आई, तिरडी, देवाघरी गेलेलं बाळ असं काही काढायचं नाही. सभेत कोण कुठलं दुःख घेऊन बसलंय हे आपल्याला माहीत नसतं. मी दुसऱ्या तक्त्यात नुसती घरं रंगवली आणि घराच्या दारात उभी असलेली, पिशवी खांद्यावर घेतलेली एक बाई काढली. बस्स.

*पैशाचा आकडा जपून.* निबंधात एका नवजातामागे खर्च ५.३ अमेरिकी डॉलर दिला आहे. तो तेव्हाचा. आजच्या भावाने रुपये करून लिहिले तर काहीच्या काही होईल. द्यायचाच तर डॉलरमध्येच आणि काळासकट द्या.

पायरी ६ : पाचवी चौकट, 'काय सांगता येत नाही'

ही चौकट बहुतेक चित्रांत नसते, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. मी त्यात तीन ओळी लिहिल्या.

एक : गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. चिठ्ठ्या टाकून वाटणी केली की दोन्ही गट सारखे असण्याची जास्त खात्री मिळते. इथे सुरुवातीला दोन्हीकडचे दर आणि लोकांची परिस्थिती सारखी होती असं संशोधकांनी दाखवलं आहे, पण चिठ्ठ्यांएवढी खात्री त्यात नाही.

दोन : ऊब, स्तनपान, श्वासाला मदत, औषधोपचार हे सगळं एकत्र दिलं. त्यातल्या कोणत्या एकाच गोष्टीने फरक पडला असं या चित्रावरून म्हणता येत नाही.

तीन : त्या गावांत तेव्हा बहुतेक बाळंतपणं घरीच होत. आज आपल्याकडे बहुतेक दवाखान्यात होतात. त्यामुळे आपल्या गावात तेवढाच फरक पडेल असं धरून चालू नये.

काही जण म्हणतील, "मॅडम, एवढ्या शंका लिहिल्या तर लोकांचा विश्वास बसेल का?" माझा अनुभव उलटा आहे. आपल्या मालाचं वजन आपणच दाखवणाऱ्या दुकानदारावर गिऱ्हाइकाचा भरवसा बसतो.

काही गोष्टी मात्र मी मुद्दाम वगळल्या. औषधाचं नाव लिहिलं नाही. प्रशिक्षित कार्यकर्तीने देखरेखीखाली केलेला उपचार कोणी घरी करून बघू नये म्हणून. संख्याशास्त्रातली 'पी व्हॅल्यू'ही घेतली नाही. निबंधात ती ०.००१ पेक्षा कमी आहे. म्हणजे कार्यक्रमाने खरोखर काहीच फरक पडला नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता हजारात एकाहून कमी. मी फक्त 'हा फरक योगायोगाचा वाटत नाही' एवढं लिहिलं.

पायरी ७ : चौकटीच्या आत आणि बाहेर

जे निबंधात आहे तेच चौकटीच्या आत. आपल्याला सांगायची जी जादा माहिती आहे ती खाली, रेघ मारून, वेगळ्या रंगात. उदाहरणार्थ, २०११ पासून देशभरात आशाताई नवजात बाळाच्या घरी भेटी देतात. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झालं तर पहिल्या दिवशीही. ही माहिती पालकांच्या उपयोगाची आहे, पण १९९९ च्या निबंधातली नाही. ती आत घुसवली तर निबंधाने न म्हटलेलं आपण त्याच्या तोंडी घालतो.

सगळ्यात खाली स्रोत लिहा : कोणी, कुठे, कोणत्या वर्षी. आणि 'हा सारांश शाळेने तयार केला आहे, हा वैद्यकीय सल्ला नाही' अशी एक ओळ. निबंधातली आकृती जशीच्या तशी छापू नका. माहिती समजून घेऊन आपलं चित्र आपण काढा.

पालकांसाठी : मोबाइलवर चित्र आलं तर

हेच सगळं उलट्या बाजूने वापरता येतं. 'अमुक खाल्ल्याने मधुमेह ५० टक्क्यांनी कमी' असं रंगीत चित्र आलं की पुढे पाठवण्याआधी पाच प्रश्न विचारा :

१. कशाचे टक्के? आधी शंभरात किती, नंतर किती?
२. कोणाशी तुलना केली?
३. किती माणसं, किती दिवस?
४. मूळ अभ्यास कोणाचा, कुठे छापला?
५. 'काय सांगता येत नाही' हे कुठे लिहिलंय का?

शंभरात दोघांना होणारा आजार एकाला झाला तरी '५० टक्के कमी', आणि शंभरात चाळिसांना होणारा विसांना झाला तरी '५० टक्के कमी'. चित्र सारखंच दिसेल, गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे. पाचपैकी तीन उत्तरं मिळाली नाहीत तर चित्र आपल्याच मोबाइलमध्ये राहू द्या.

वर्गात कसं घ्याल?

पाचवी ते सातवीच्या मुलांना मृत्यूचे आकडे देण्याची गरज नाही. आपल्या शाळेतच छोटा अभ्यास करा. एका वर्गात जेवणाआधी हात धुण्याचं गाणं दोन आठवडे लावा, दुसऱ्यात नाही. दोन्हीकडे आधी आणि नंतर किती मुलं साबणाने हात धुतात ते तिसऱ्या वर्गाच्या मुलांना मोजायला सांगा. काम करणारे वेगळे आणि मोजणारे वेगळे! मग पाच चौकटींचा चित्र-सारांश करून घ्या. पाचव्या चौकटीत मुलं काय काय लिहितात ते बघाच. आमच्या एका मुलीने लिहिलं, 'दुसऱ्या वर्गाच्या नळाला दोन दिवस पाणी नव्हतं.' याहून चांगली मर्यादा मलाही सुचली नसती. दोन आठवडे झाले की गाणं दुसऱ्या वर्गालाही लावायला विसरू नका.

जाता जाता, त्या पालकसभेबद्दल. पुढच्या सभेला नवा तक्ता लावला. या वेळी मी काही बोलले नाही, फक्त बाजूला उभी राहिले. त्या आई आल्या. आधी पहिल्या चौकोनातली रंगवलेली घरं बोटाने मोजू लागल्या, वीस-पंचवीसवर थांबल्या. मग दुसऱ्या चौकोनाकडे बघितलं, तुलनेच्या गावांचा स्तंभ बघितला. आणि म्हणाल्या, "म्हंजे लेकरं बहुतेक आधीबी जगत होती. जी जायची, त्यातली निम्म्याहून जास्त वाचली. शेजारच्या गावात मात्र तसंच चालू राहिलं."

निबंधाचा याहून नेमका सारांश मला अजून लिहिता आलेला नाही.

तुम्हीही एखादा तक्ता या पद्धतीने करून बघा. आणि लावण्याआधी तो अशा एकाला दाखवा, ज्याने त्या विषयावर काहीच वाचलेलं नाही. त्याने काय वाचलं ते त्याच्याच शब्दांत सांगायला सांगा. आपण काय लिहिलं ते तेव्हाच कळतं.